पट्टी घरी लावतात: मुलांचे नेत्रविभाग चालवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मुलांच्या नेत्रविभागांचे वैद्यकीय प्रमुख, रुग्णालयांचे व्यवस्थापक आणि विश्वस्त यांस

सप्रेम नमस्कार.

बाळाच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायला निष्णात सर्जनला साधारण तासभर पुरतो. त्यानंतरचा उपचार वर्षानुवर्षं चालतो आणि तो करतात घरची माणसं. रोज चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायची, बाळ रडत असताना कॉन्टॅक्ट लेन्स घालायची, चष्मा नाकावर टिकवायचा, थेंब वेळेवर टाकायचे. तिरळेपणा असो, आळशी डोळा (डोळा वरकरणी निरोगी, पण मेंदू त्याच्याकडून नीट पाहायला न शिकलेला) असो की जन्मापासूनचा मोठा नंबर, थोड्याफार फरकाने हेच घडतं. निदान तुमच्याकडे होतं आणि उपचाराचा मोठा भाग आमच्याकडे येतो.

हे काम आम्हाला शिकवायचं कुणी, कुठे बसून आणि किती वेळ, याचं उत्तर मात्र फार थोड्या विभागांच्या आराखड्यात सापडतं. म्हणून या पत्रात माझं मागणं एकच आहे. मुलांच्या प्रत्येक नेत्रविभागात असं एक माणूस नेमा, ज्याचं कामच कुटुंबाला घरचा उपचार शिकवणं आणि दोन तपासण्यांच्या मधल्या काळात त्यांना सांभाळून घेणं हे असेल. आणि या कामाला ओपीडीच्या वेळापत्रकात तपासणीइतकीच हक्काची जागा द्या. पुढे जे लिहिते आहे ती सगळी या मागणीमागची कारणं आहेत.

मी डॉक्टर नाही. माझ्या मुलीला जन्मतः एका डोळ्यात मोतीबिंदू होता. ती आता मोठी झाली आहे, आणि ज्यांच्या बाळाचं निदान नुकतंच झालं आहे अशा पालकांशी मी बरीच वर्षं बोलत आले आहे. कुणी मध्यरात्री फोन करतात, कुणी तपासणीच्या रांगेत उभं राहून. त्यांचे प्रश्न जवळजवळ नेहमी तेच असतात, आणि त्यातले बहुतेक त्यांनी तुम्हाला विचारायला हवे होते. ते विचारत का नाहीत, हे मला तुमच्यापुढे ठेवायचं आहे.

आधी वेळेबद्दल. मोठ्या माणसाचा मोतीबिंदू काही महिने उशिरा काढला तरी काढल्यावर सहसा दिसू लागतं, कारण त्याचा मेंदू पाहायला केव्हाच शिकलेला असतो. बाळाचा मेंदू ते शिकत असतो आणि शिकण्याचा काळ मोजका असतो. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी १९६०च्या दशकात मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा पहिले काही महिने बंद ठेवून पाहिला. डोळा उघडल्यावर तो तपासायला निरोगी होता, पण मेंदूतल्या दृष्टीच्या भागातल्या फारच थोड्या पेशी त्या डोळ्याला दाद देत होत्या. जवळजवळ सगळा भाग उघड्या राहिलेल्या डोळ्याने व्यापला होता. दृष्टीच्या यंत्रणेवरच्या त्यांच्या कामाला १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळालं. आज एका डोळ्यातला दाट मोतीबिंदू बाळ साधारण सहा आठवड्यांचं होईपर्यंत काढावा असं सांगतात, दोन्ही डोळ्यांत असेल तर आठ आठवड्यांच्या आसपास. पहिल्या चार आठवड्यांत फार घाई केली तर पुढे काचबिंदूचा धोका वाढतो, म्हणजे योग्य वेळेची खिडकी दोन्ही बाजूंनी अरुंद आहे.

हे तुम्ही जाणता. तेच आठवडे घरात कसे जातात ते सांगते. आई बाळंतपणातून अजून सावरलेली नसते, कुणाचीही झोप पुरी होत नाही, दूध पुरतंय की नाही याची चिंता सुरू असते. त्यात कुणीतरी सांगतं की बाळाच्या बुबुळामागे पांढरं दिसतंय, आठ दिवसांत ऑपरेशन. त्या क्षणानंतर डॉक्टर जे बोलतात त्यातलं फारसं काही कानात शिरत नाही. भूल, लेन्स, पट्टी, नंबर, सगळं एकाच बैठकीत सांगितलं जातं, शेवटी ‘काही शंका?’ असं विचारलं जातं आणि आई-वडील मान हलवतात. शंका सुचायलासुद्धा थोडी जमीन पायाखाली असावी लागते. त्या शंका तिसऱ्या-चौथ्या दिवशी, घरी, बाळ झोपल्यावर सुचतात आणि तेव्हा विचारायला कुणी नसतं.

आणि एक प्रश्न कुणीच मोठ्याने विचारत नाही: माझं काय चुकलं? गरोदरपणात मी काय खाल्लं, कुठलं औषध घेतलं, केव्हा पडले, हे सगळं प्रत्येक आई मनात उलटसुलट करून पाहते. डॉक्टर कारण शोधण्यासाठी प्रश्न विचारतात ते योग्यच आहे, पण तिच्या कानावर ते आरोपासारखे पडतात. एकाच डोळ्यातल्या जन्मजात मोतीबिंदूचं कारण बहुतेक वेळा सापडतच नाही. हे तिला कुणीतरी स्पष्ट शब्दांत, न विचारता सांगायला हवं, आणि शक्यतो नातेवाईकांसमोर, कारण घरात तिच्याकडे बोट दाखवणारे तेच असतात. मला हे एका परिचारिकेने सांगितलं होतं. ते तिच्या कामात धरलेलं नव्हतं. तिने आपण होऊन थांबून सांगितलं, आणि मी पुढची वर्षं ज्या बळावर काढली त्यात तिचा वाटा आहे. अशी बाई प्रत्येक आईच्या वाट्याला नुसत्या नशिबाने येऊ नये, एवढ्यासाठी तिचं पद हवं.

आता पट्टीकडे येते, कारण सर्वांत जास्त गाडं तिथेच अडतं.

आळशी डोळ्याला कामाला लावण्यासाठी चांगल्या डोळ्यावर पट्टी लावण्याचा उपचार जुना आहे, पण त्याच्या मात्रेबद्दलचं पक्कं ज्ञान गेल्या पंचवीस वर्षांतलं आहे. अमेरिकेतल्या बालनेत्रविकार संशोधकांच्या गटाने २००३ साली दाखवलं की तीन ते सात वर्षांच्या, मध्यम स्वरूपाचा आळशीपणा असलेल्या मुलांत रोज दोन तास पट्टी लावणं आणि सहा तास लावणं यांचा चार महिन्यांनी दिसणारा परिणाम सारखाच होता. त्याआधी २००२ साली त्याच गटाने अ‍ॅट्रोपिनचे (नजर काही काळ धूसर करणारे) थेंब चांगल्या डोळ्यात टाकण्याची पट्टीशी तुलना केली आणि सहा महिन्यांनी दोन्हींत फारसा फरक नव्हता. दोन डोळ्यांच्या नंबरांतल्या फरकाने आलेल्या आळशीपणात नुसत्या योग्य चष्म्यानेच सुमारे चौथाई मुलांचा दोष पूर्ण भरून आला, हेही २००६च्या अभ्यासातून पुढे आलं. सात वर्षांनंतर काही उपयोग नाही हा समजही त्याच गटाच्या कामाने सैल केला. सात ते बारा वर्षांच्या अनेक मुलांनाही फायदा झाला. म्हणजे पर्याय आहेत, मात्रा कमी-जास्त करता येते, आधी चष्म्याला काही आठवडे देऊन पाहता येतं. मला भेटणाऱ्या पालकांतल्या फार थोड्यांना हे ठाऊक असतं. त्यांच्या केसपेपरवर एवढंच लिहिलेलं असतं: पट्टी, अमुक तास.

मग पट्टी लागत नाही. पट्टीच्या आतल्या बाजूला छोटं यंत्र बसवून ती खरोखर किती वेळ डोळ्यावर होती हे मोजणारे अभ्यास झाले आहेत. ब्रिटनमधल्या अशा एका अभ्यासात सांगितलेल्या वेळेच्या साधारण निम्माच वेळ पट्टी लागलेली दिसली, आणि ती कुटुंबं तर अभ्यासात स्वखुशीने सहभागी झालेली होती. रोजच्या ओपीडीत काय होत असेल याचा अंदाज तुम्हीच बांधा.

‘पालक ऐकत नाहीत’ हे वाक्य मी तुमच्या विभागांतून अनेकदा ऐकलं आहे. आमच्या बाजूने ते असं दिसतं. ज्या डोळ्याने मूल पाहतं तोच आपण बंद करतो. त्याच्यासाठी जग एकदम धूसर होतं. ते किंचाळतं, पट्टी ओढून काढतं, आपल्याच हातांना घाबरू लागतं. चिकट पट्टीने गालावर पुरळ येतं. आजी म्हणते, पोराला कशाला छळता, मोठं झालं की होईल बरोबर. चार दिवसांनी घरात पट्टीचं नाव काढलं की भांडण होतं. आणि हे सगळं सोसून सुधारणा दिसते ती आठवड्यांनी, तीही फक्त तुमच्या तक्त्यावर. आई-वडिलांना घरी काहीच फरक दिसत नाही, कारण मूल दोन्ही डोळे उघडे असताना आधीही व्यवस्थितच वावरत होतं.

यातल्या बऱ्याच गोष्टी कुणी दहा मिनिटं बसून सांगितल्या तर सोप्या होतात. सुरुवातीचे काही दिवस सर्वांत कठीण असतात आणि मग बहुतेक मुलं रुळतात. पट्टी कातडीवर लावायची आणि वरून चष्मा घालायचा. चष्म्याच्या काचेवर लावलेल्या पट्टीच्या कडेतून मूल हमखास डोकावतं. मूल एखाद्या खेळात, चित्रात, गोष्टीत गुंतलेलं असतानाची वेळ धरायची. पुरळ आलं तर कुठली दुसरी पट्टी मिळते. दोन तास सलग नाही जमले तर तुकड्यांत चालतील का. एखादा दिवस चुकला तर सगळं वाया जातं का. अगदीच जमत नसेल तर थेंबांचा पर्याय आहे का. हे प्रश्न ‘काही शंका?’ या दोन शब्दांत मावत नाहीत. त्यांच्यासाठी खुर्ची हवी, वेळ हवा, समोर बसणारं माणूस घाईत नसायला हवं.

नेदरलँड्समध्ये यावर केलेलं काम मला फार मोलाचं वाटतं. तिथल्या संशोधकांनी आधी पट्टी कोणत्या मुलांना कमी लागते ते पाहिलं. ज्यांच्या आई-वडिलांना तिथली भाषा नीट येत नव्हती, त्या मुलांना ती कमी लागत होती. यावर त्यांनी मुलासाठीच एक चित्रकथा तयार केली, जिच्यात शब्द नव्हते. पट्टी का लावायची हे मूल स्वतः चित्रांवरून समजून घेऊ शकत होतं. सोबत बक्षिसाचे स्टिकर लावायचं कॅलेंडर आणि पालकांसाठी माहितीचा कागद. हा संच मिळालेल्या मुलांना पट्टी जास्त वेळ लागली, आणि यंत्रानेच ते मोजलं. आम्हा सगळ्यांचं लक्ष आई-वडिलांवर असताना या लोकांनी चार वर्षांच्या मुलाला समजावण्यालायक मानलं. उपचार ज्याच्या चेहऱ्यावर होतो त्याला कारण सांगणं हे मला कुठल्याही औषधाइतकंच उपचाराचं अंग वाटतं. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारातलं बारावं कलमही हेच म्हणतं की मुलाशी संबंधित बाबीत, त्याच्या वयाच्या आणि समजेच्या मानाने, त्याचं म्हणणं ऐकलं जावं.

असा संच तयार करायला लागणारा खर्च तुमच्या विभागातल्या कुठल्याही यंत्राच्या पासंगालाही पुरणार नाही.

तपासणीच्या दिवसाबद्दलही थोडं बोलायला हवं. तुमच्याकडचे ऑर्थोप्टिस्ट (तिरळेपणा आणि आळशी डोळा तपासणारे) आणि ऑप्टोमेट्रिस्ट (नजर आणि नंबर तपासणारे) मुलांशी ज्या कौशल्याने वागतात ते मी जवळून पाहिलं आहे. अक्षरं न येणाऱ्या मुलाकडून सफरचंद, घर, चौकोन, गोल ओळखून घेणं, न बोलणाऱ्या बाळाची नजर पट्ट्यापट्ट्यांच्या कार्डाकडे वळते का हे टिपणं, मूल दमण्याआधी कमजोर डोळा उरकून घेणं, ही मोठी विद्या आहे. पण तीन तास वाट पाहून भुकेलेलं, झोपेला आलेलं मूल त्यांच्यासमोर बसवलं तर त्या विद्येचा काय उपयोग? त्या दिवशी तक्त्यावर दिसलेली घट खरी की मूल कंटाळलं होतं, हे कुणालाच सांगता येत नाही, आणि त्यावर पुढच्या तीन महिन्यांचा उपचार ठरतो. अगदी लहान मुलांना त्यांच्या झोपेच्या वेळा विचारून सकाळचे पहिले क्रमांक देणं, हा कारभाराचा छोटा बदल वैद्यकीय अचूकतेसाठीच आवश्यक आहे. मोठ्यांच्या ओपीडीत मुलांना मिसळू नका, हेही त्याच कारणासाठी.

बाहुली मोठी करायचे थेंब ही समजावून सांगण्याची आणखी एक जागा. ते का टाकतात? मुलाचा डोळा जवळचं पाहण्यासाठी सतत जोर लावत असतो. तो जोर सोडवल्याशिवाय खरा नंबर सापडत नाही. हे एका वाक्यात सांगता येतं, तरी कित्येक पालकांना वर्षानुवर्षं वाटत राहतं की थेंब नुसते टॉर्च मारून आत पाहायला असतात, आणि पुढच्या वेळी ते ‘आज थेंब नको’ म्हणतात. यातल्या सायक्लोपेंटोलेट या थेंबांचा अंमल साधारण दिवसभर राहतो, अ‍ॅट्रोपिनचा आठवडा ते पंधरवडा. त्या काळात ऊन सहन होत नाही, जवळचं दिसत नाही. अ‍ॅट्रोपिनने चेहरा लाल होऊ शकतो, अंग तापू शकतं. थेंब टाकल्यावर नाकाकडच्या कोपऱ्यावर बोटाने मिनिटभर दाबून धरलं तर औषध शरीरात कमी जातं. घरी अ‍ॅट्रोपिन टाकायला सांगताना हे न सांगणं धोक्याचं आहे. बाळाला ताप आला म्हणून घाबरलेल्या आईने फोन करायचा कुणाला, याचं उत्तर केसपेपरवर छापलेलं हवं.

शस्त्रक्रियेच्या दिवशीच्या उपाशीपणाबद्दल एवढंच: भूलतज्ज्ञांचा सर्वमान्य हिशेब पाण्यासारख्या पातळ पदार्थांना दोन तास, आईच्या दुधाला चार, वरच्या दुधाला आणि हलक्या आहाराला सहा तास असा आहे, आणि काही देशांत तो आता आणखी कमी केला आहे. तरीही ‘रात्री बारानंतर काही नाही’ हा एकच आदेश सगळ्यांना दिला जातो आणि तीन महिन्यांचं बाळ दुपारपर्यंत रडत राहतं. लहानांना यादीत वर घ्या, आणि प्रत्येकाला त्याच्या वेळेनुसार शेवटचं दूध कधी पाजायचं ते घड्याळाच्या आकड्यात लिहून द्या.

कमी दिवसांच्या बाळांविषयी मात्र मला जास्त लिहायचं आहे, कारण तिथे उशिराची भरपाई होत नाही. वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या दृष्टिपटलातल्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्यातल्या, रक्तवाहिन्या पुऱ्या वाढलेल्या नसतात. त्या वेड्यावाकड्या वाढल्या तर दृष्टिपटल ओढलं जाऊन सुटू शकतं. हा आजार १९४२ साली थिओडोर टेरी यांनी पहिल्यांदा नोंदवला. पुढच्या दशकात अनिर्बंध ऑक्सिजनशी असलेला त्याचा संबंध कळला. आज लेझर आहे, डोळ्यात द्यायची इंजेक्शनं आहेत, आणि गंभीर अवस्था दिसल्यापासून दोन-तीन दिवसांत उपचार व्हावा असा दंडक आहे. पहिली तपासणी साधारणतः जन्मानंतर चौथ्या आठवड्याच्या सुमारास करतात. अनेक बाळं नेमकी त्याच्या आधी घरी जातात. इतके दिवस काचेच्या पेटीबाहेरून पाहिलेलं बाळ एकदाचं हातात येतं, वजन वाढलेलं असतं, सगळे म्हणतात जिंकलात. डिस्चार्जच्या कागदांच्या गठ्ठ्यात कुठेतरी एक ओळ असते: डोळे तपासून घ्या. डोळा बाहेरून छान दिसतो, बाळ दिव्याकडे वळतं, घरचे म्हणतात आता थंडीवाऱ्यात कशाला बाहेर न्यायचं. आणि दोन आठवडे जातात.

या एका ओळीवर कुणाची दृष्टी टांगलेली असू नये. नवजात अतिदक्षता विभाग आणि नेत्रविभाग यांच्यामध्ये एका माणसाच्या नावावर ही यादी असावी. तारीख डिस्चार्जच्या आधी ठरावी, आईला आणि घरातल्या आणखी एकाला समोर बसवून सांगावं की हा आजार बाहेरून दिसत नाही आणि तारीख चुकवण्यासारखी नाही, आणि बाळ आलं नाही तर त्याच संध्याकाळी फोन जावा. मी वर ज्या पदाबद्दल लिहिलं त्याचा हा सर्वांत निकडीचा उपयोग आहे. बाकी सगळं बाजूला ठेवून फक्त एवढ्यासाठी ते पद निर्माण केलं तरी ते सार्थकी लागेल.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील की आमच्याकडे आधीच माणसं कमी आहेत, समजावण्यासाठी वेगळं माणूस कुठून आणायचं. ही अडचण खरी आहे. पण सध्याही ते काम कुणीतरी करतंच आहे: रांग थोपवून धरणारी परिचारिका, चष्म्याच्या दुकानातला मुलगा, औषधाच्या खिडकीवरचा माणूस, माझ्यासारख्या आया. कुणी चांगलं करतं, कुणी चुकीचं सांगतं आणि जबाबदारी कुणाचीच नसते. ब्रिटनमधल्या अनेक नेत्रविभागांत रुग्ण आणि कुटुंबाला आधार देणारी, पुढची मदत कुठे मिळेल ते सांगणारी अधिकृत माणसं नेमलेली असतात. ती डॉक्टर नसतात. एखाद्या अनुभवी परिचारिकेला किंवा ऑर्थोप्टिस्टला आठवड्यातले काही तास याच कामासाठी मोकळे करून सुरुवात करता येईल, फक्त ते तास गर्दी झाली की सगळ्यात आधी कापले जाणारे नसावेत.

एकेकाळी आई-वडिलांना मुलांच्या वॉर्डात थांबूच देत नसत. भेटीची वेळ आठवड्यातून थोडीशी, कारण पालक आले की मुलं रडतात आणि शिस्त मोडते असा समज होता. ब्रिटनमध्ये १९५९ साली रुग्णालयातल्या मुलांसाठी नेमलेल्या प्लॅट समितीने पालकांना मोकळेपणाने येऊ द्या, लहान मुलांसोबत आईला राहू द्या असं सांगितलं, तेव्हा अनेक अनुभवी लोकांना ते अव्यवहार्य वाटलं होतं. आज त्यावर कुणी वाददेखील घालत नाही. आम्हाला वॉर्डाचं दार उघडलं गेलं. उपचाराच्या आखणीत मात्र आम्ही अजून बाकावर बसलेले नातेवाईकच आहोत.

शेवटचा विषय मी मुद्दाम राखून ठेवला, कारण त्या कुटुंबांबद्दल सर्वांत कमी बोललं जातं. काही मुलांची दृष्टी परत येत नाही. काहींचे डोळे तपासणीत चांगले असतात, पण जन्माच्या वेळी मेंदूला इजा झालेली असते आणि मेंदू डोळ्यांकडून आलेलं नीट वाचू शकत नाही. प्रगत देशांत मुलांतल्या दृष्टिदोषाचं हे एक प्रमुख कारण आहे. या दुसऱ्या मुलांच्या आई-वडिलांना सांगितलं जातं, ‘डोळे नॉर्मल आहेत’, आणि ते घरी जाऊन विचार करत राहतात की मग हा आपल्याकडे का बघत नाही. पहिल्यांना सांगितलं जातं, ‘आता करण्यासारखं काही नाही’.

हे वाक्य कृपा करून तुमच्या विभागातून काढून टाका. शस्त्रक्रियेने करण्यासारखं काही उरलं नसेल, पण मुलासाठी त्या दिवशी खूप काही सुरू व्हायला हवं असतं. मोठ्या, ठळक, एका रंगाच्या पार्श्वभूमीवरच्या वस्तू दाखवायच्या. एका वेळी एकच वस्तू समोर ठेवायची. हात लावण्याआधी नाव घेऊन बोलायचं. उरलेली थोडी नजर वापरायला शिकवणारे तज्ज्ञ असतात, भिंगं आणि साधनं असतात, ब्रेल असतं, शाळेत मिळायच्या सवलती असतात, प्रमाणपत्र लागतं आणि ते मिळवायची पद्धत असते. यातलं काय कुठे मिळतं हे आई-वडिलांना एकेका ओळखीतून, कधी दोन-दोन वर्षांनी कळतं. बाळाच्या पहिल्या वर्षातले ते महिने पुन्हा मिळत नाहीत.

म्हणून ज्या दिवशी तुम्ही एखाद्या कुटुंबाला अशी बातमी द्याल, त्या दिवशी ते खोलीबाहेर पडण्याआधी त्यांची गाठ त्या माणसाशी घालून द्या. त्या माणसाने एका कागदावर, घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेत, तीन गोष्टी लिहून द्याव्यात: उद्यापासून घरी काय करायचं, पुढे कुणाला भेटायचं, आणि मधे काही विचारावंसं वाटलं तर कोणत्या नंबरवर फोन करायचा. आठ दिवसांनी त्यानेच आपण होऊन एक फोन करावा. तुमच्यापैकी जे विभाग हे सुरू करायला तयार असतील, त्यांच्यासाठी तो कागद लिहायला आणि पट्टीची चित्रकथा मुलांसोबत तपासून पाहायला आम्ही पालक येऊ. बोलवा.

आपली,
एका मुलीची आई